पट्टा

चौदा पौंड वजन. पांढरीशुभ्र,
पावडरच्या पफला चार पाय फुटावेत तशी.
मुलीनं हट्टानं आणली, मुलगी कॉलेजला गेली
आणि क्लेमेंटाइन माझ्या गळ्यात पडली.
सव्वासहा फूट उंच माणूस मी,
तिचा गुलाबी पट्टा धरून
रॉचेस्टरच्या बर्फात रात्री साडेनऊला
फिरवायचो तिला,
म्हणजे तीच फिरवायची मला.

अख्ख्या गल्लीला तिचं नाव पाठ होतं.
"क्लेमेंटाइन, आज स्वेटर नाही घातलास?"
मिसेस व्हॅन ऑर्डेन गुडघे धरून खाली वाकायच्या,
कोपऱ्यावरचा हॅल खिशात बिस्किटं ठेवायचा.
माझं नाव कुणी विचारलं नाही,
मीही सांगितलं नाही.
क्लेमेंटाइनचे बाबा, एवढ्यावर सहा वर्षं निघाली.
एरवी म्हणतात, काळं कुत्रं विचारत नाही.
मला तर एका पांढऱ्या कुत्रीमुळे
गल्ली विचारत होती.

मार्चमध्ये ती गेली. मूत्रपिंडं.
पायरीवर कार्डं आली, एक लाझान्या आला, अजून गरम.
ओट्यापाशी उभ्यानंच खाल्ला
आणि रडलो, खोटं कशाला सांगू.

डॉक्टर म्हणाले, चालणं सोडू नका, टॉलिव्हर.

माझा धंदा कानांचा.
लहान मुलांना हेडफोन लावतो, काचेपलीकडून सांगतो,
आवाज आला की हात वर करायचा हं,
कितीही बारीक असू दे.
तर एप्रिलमधल्या त्या पहिल्या रात्री
सिग्नलला उभ्या गाडीच्या बाजूनं चाललो होतो,
आतून दारं लॉक झाली.
खट.
फार तर चाळीस डेसिबल.
आला ऐकू.
माझे दोन्ही हात
खिशातून आपोआप बाहेर आले.

पुढे चौथ्या घराचा पोर्चमधला दिवा लागला,
सरळ माझ्या तोंडावर.
"काही मदत हवी आहे का?"
अगदी गोड आवाजात. हातात फोन.
सहा वर्षं या बाईंच्या डोक्यावरचा भांग
मी वरून पाहत आलो होतो.
आमोस टॉलिव्हर, जिभेवर आलं होतं.
बाहेर पडलं ते,
"मी क्लेमेंटाइनचा बाबा."
"अरे देवा! अंधारात ओळखलंच नाही हो."
फोन गाऊनच्या खिशात गेला. मग त्यांनी तिची आठवण काढली,
डोळेही पुसले, खरेखुरे.
मी त्यांचं सांत्वन केलं.

अंधार तोच होता, बाई.
हे मी घरी आल्यावर, बूट काढताना म्हणालो.

परवापासून पट्टा खिशात घेऊन निघतो,
गुलाबी टोक बाहेर लोंबत राहील असा.
लोक आधी जमिनीकडे बघतात,
मागे, झुडपात कुठे तरी ती असणार,
आणि हसून पुढे जातात.
तेवढ्यात मनात येतं,
एखाद्या रात्री कुणी थांबवलं,
हा काय आहे दाखवायला मी खिशात हात घातला,
तर त्याला पट्टाच दिसेल
कशावरून.

काल ओडेसाचा फोन.
"बाबा, दुसरं पिल्लू आण ना. घर खायला उठत असेल तुला."
म्हटलं, आणू या.
कुठल्या रंगाचं?

ती हसेल असं वाटलं होतं.
बराच वेळ लाइनवर नुसता तिचा श्वास,
माझ्या कानांना तोही नीट मोजता येतो.