तिसरी शिट्टी

जनरेटर नऊला बंद होतो.
मग डोळे उघडे की मिटलेले
हे बोट लावून बघावं लागतं.

खोलीला भिंती तीनच,
चौथ्या बाजूनं जंगल.
पाय घालण्याआधी बूट उलटे करून आपटायचे,
एवढं एर्मोहेनेसनं पहिल्याच दिवशी सांगितलं.
त्यानंतर तो माणसांशी फारसा बोललेला नाही.
ओठ चिमटीत धरून टिनामूला हाक मारतो,
पलीकडून टिनामू ओ देतो.
घुबडाला फसवतो,
आणि मग जरा ओशाळतो.

काल जेवताना, केळीच्या पानातला मासा सोडवत,
त्यानं दुभाष्या मुलीकरवी विचारलं:
तुमच्याकडे पहाटे कोण ओरडतं?
चिमण्या म्हणाले असते,
पण इतक्या लांब येऊन खोटं कशाला.
कुकर, म्हटलं. आणि करून दाखवला,
आधी फुसफुस, मग झाकणाची थरथर,
मग ती.
कुणीच हसलं नाही.
पुन्हा, म्हणाला. पुन्हा केली.
नर की मादी?
माहीत नाही, मी म्हटलं,
पोटात डाळ असते.

पहाटे चार.
तांबोपातावर धुकं, दूरवर माकडांचं घुमणं,
पानापानांवरून अजून उतरणारं कालचं पाणी,
आणि होडी बांधतात त्या बाजूनं
एक शिट्टी.
दुसरी.
तिसरीला मी झोपेतच हात लांबवला
गॅस बंद करायला.
बोटं मच्छरदाणीत अडकली.

आणि नदीपलीकडून, काळोखातून,
कुणीतरी
त्या शिट्टीला उत्तर देत होतं.