ऊद

अब्दलीच्या नाक्यावर, गाडीच्या डिकीत,
केकच्या खोक्यात सापडलं.
सहाशे ग्रॅम. डोळे नुकते उघडलेले.
बसऱ्याकडच्या बोरूंतून कुणीतरी उचललेलं,
साल्मियातल्या कुणाच्या तरी पोराला खेळायला.

आमच्या तळघरात आणलं तेव्हा
अबू मिशआल म्हणाला, कल्ब अल्‌मा. पाण्याचा कुत्रा.
आमच्यात पाण्याचं मांजर म्हणतात, मी म्हटलं,
आणि बाणकोटला, खाडीवर, नुसतं ऊद.
ऊद?
त्यानं मनगट माझ्या नाकाशी धरलं,
तोळ्याला कितीतरी दिनार.
मी पिल्लाखालचा फडका त्याच्या नाकाशी धरला.

तो खोकत होता, मी सांगत होतो:
हासुद्धा वासच आहे, साहेब.
खडकावर ठेवून जातात. मागून येणारा हुंगतो
आणि त्याला कळतं, कोण गेलं, नर की मादी,
किती दिवस झाले.
एवढं तर माझ्या इकाम्यावरही लिहिलेलं नाही.

लोकांना वाटतं, ही जात पोहतच जन्मते.
छे. पाण्याला भितात.
आई मानगूट धरून ओढत नेते,
केकाटलं तरी सोडत नाही.

इथं आई नव्हती. विजार दुमडून
मीच हौदात उतरलो.

पहिल्या दिवशी ते चिंब भिजलं, कुडकुडलं.
अंगात चरबी नाही यांच्या,
वर राठ केस, आत दाट लव,
आणि लवेत अडकलेली हवा, तेवढीच गोधडी.
ती आई चाटून-विंचरून भरते.
मी टॉवेलनं भरली. रात्रीचे दोन, तीन, साडेतीन.

बाराव्या दिवशी मानगूट धरून ढकललं
तेव्हा माझ्या हाताला बावाचा हात आठवला,
सुक्या जवळ्याचा वास असलेला.
तांडेलाचा पोर असून मी
गुडघ्याच्या पुढं पाण्यात जात नव्हतो.
त्यानं होडीवरून लोटलं, वल्हं मागं घेतलं.
बावा जाऊन सोळा वर्षं झाली.
त्यावर आम्ही कधी बोललो नाही.

आता रोज वजनाच्या पाव वाट्याइतकी मासळी लागते.
बोई आवडते. झुबैदी दिली तर तोंड फिरवतं,
अबू मिशआलला हा आपल्या देशाचा अपमान वाटतो.

काल दिवे मालवले. जिवंत बोई सोडली हौदात.
पिल्लानं कान मिटले, नाकपुड्या मिटल्या,
आणि गेलं.
काळोखात डोळे कसले, मिशांनीच ऐकतं ते,
माशाची शेपटी हलली की पाणी काय म्हणतं.

मी मोजायला लागलो.
वीस.
तीस.
बाणकोटच्या खाडीतही हीच जात, हीच लव, हीच शीळ.
बायको फोनवर सांगते, परवा पुन्हा जाळं फाडलं मेल्यांनी.
पन्नास.
बावानं किती मोजले असतील?
सत्तर

आणि पलीकडच्या काठावर पाणी फुटलं.
बोई तोंडात. डोक्यापासून चावायला सुरुवात.
माझ्याकडं पाठ.