कोण कुठं बसतं

कुलूप लागून तिसरा दिवस.
पाळकबाईंनी मंडळीची वही काढली, तर
वाळवीनं 'म'च्या पुढची माणसं खाऊन टाकलेली.
म्हणाल्या, एलीशा, तुला तर सगळे ठाऊक असतील.

नावानं नाहीत ओ, म्हटलं. मी झाडणारा.
एकवीस वर्षं मी माणसं ओळखतो
ती उठून गेल्यावर.

पहिल्या बाकाखाली खडूची भुकटी : शेलार मास्तर.
स्वतः निवृत्त झाले, खिशातला खडू नाही झाला.
दुसऱ्याखाली शेंगांची टरफलं, बेंजामिनची पोरं.
चौथ्याला रंगीत सूत चिकटलेलं,
वडगावच्या मागावरून येणाऱ्या राहेलबाई आणि त्यांची सून.
सहाव्यापाशी तांबडी माती,
खानापूरच्या कौलभट्टीवरचा इम्मानुएल.
आणि दाराजवळ बिडीचा वास,
जो अर्पणाच्या आधीच उठून जातो.
त्यालाही लिहा, म्हटलं. एकटा राहतो तो.

ठरलं ते असं :
सकाळी सातला, घंटेच्या वेळेला,
पुढच्या बाकानं मागच्याला फोन करायचा.
'बरं आहे का' विचारायचं नाही,
त्याला सगळेच 'बरं आहे' म्हणतात, मरणारासुद्धा.
विचारायचं, काल रात्री काय जेवलात?

कुणी म्हणालं, चहा-बटर.
त्याच्या दारात अकराला डबा.
कुणी म्हणालं, आमटी झणझणीत केली होती
पण पाण्यासारखी लागली.
तिकडं मी सायकल काढायचो.

बोटाला लावायचं यंत्र मंडळीत एकच.
ते ठेवलं अर्पणाच्या मखमली थैलीत,
लांब दांड्याची ती,
जिच्यात कोण किती टाकतो ते शेजाऱ्यालाही दिसत नाही.
अंगणातून दांडा आत सरकवायचा.
लोक सवयीनं मूठ झाकून हात घालायचे
आणि आकडा मोठ्यानं वाचायचे.
सत्त्याण्णव. चौऱ्याण्णव.
एकदा एक्क्याऐंशी,
आणि वाचणारी मुलगी पुढं काही बोललीच नाही.

राहेलबाईंची बहीण शिनोळीला, पलीकडं.
गोळ्या घेऊन गेलो तर बाचीच्या नाक्यावर बांबू आडवा.
भाचा त्या अंगाला, मी ह्या अंगाला.
मी दांडा लांबवला.
"एन्री इदु?" पोलिसानं थैलीला काठी लावली.
"काणिके री," म्हटलं. अर्पण आहे.
त्यानं वाकून बघितलं, गोळ्या मोजल्या, हसला नाही.
मग कुठलं चर्च, काय चाललंय, सगळं विचारून घेतलं.
मी निघालो तेव्हा थैलीत चिठ्ठी टाकली :
बैलहोंगलचा नंबर. आई. एकटी.
म्हणाला, तुमचा तो प्रश्न आमच्यात
दारात आलेल्याला पहिला विचारतात,
ऊटा आयता?

आठवा बाक, खिडकीजवळचा, रिकामाच होता.
तिथं मी त्या आईला बसवलं.
बेंजामिनची थोरली कन्नड शाळेत शिकते,
तिच्याकडं तो नंबर. दोघी अर्धा अर्धा तास बोलायच्या,
बहुतेक मांजराबद्दल.

मे महिन्यात एका सकाळी
दुसऱ्या बाकाला फोनच आला नाही.
मास्तर सिव्हिलमध्ये होते, आणि मग नव्हते.
आम्ही चौघं, प्लास्टिकमध्ये घामेजलेलो,
पाळकबाई फाटकाबाहेरून वाचत होत्या,
वारा होता, निम्मं ऐकू आलं.
दुसऱ्या दिवशी सातला
दुसऱ्या बाकाला मी फोन केला.
मला कधी बाक नव्हता.
बेंजामिन म्हणाला, कोण?
मी म्हटलं, पहिला.

चर्च उघडलं त्याला आता वर्ष होईल.
टरफलं आहेत, सूत आहे.
बिडीवाला अजून अर्पणाआधीच उठतो.
मागल्या रविवारी आठव्या बाकाखाली
सुपारीचं खांड सापडलं, आणि मांजराचे केस.
मी ते झाडलं नाही.

सोमवारी झाडलं.