उभा अक्ष

सत्तावीस वर्षं मी संख्याशास्त्र शिकवतो,
पाषाणच्या टेकडीला पाठ लावून उभ्या असलेल्या
या मॅनेजमेंटच्या संस्थेत,
आणि सत्तावीस वर्षं पडद्याकडे बोट करून म्हणत आलो,
"हे तर दिसतंच आहे."

आमच्याकडे बोलण्याला वीस गुण असतात.
वर्गसहभाग, असं त्याचं नाव.
जो आधी हात वर करतो तो आधी सापडतो;
चुकीचं बोलला तरी अर्धा गुण मी देतोच,
धिटाईबद्दल.
दिलवरसिंग पाडवी, अक्कलकुव्याकडचा,
मागून दुसरी रांग, खिडकीशी.
त्याच्या पेपरवरून मी माझी नमुना उत्तरं दुरुस्त करतो,
आणि सहभागाच्या रकान्यात त्याला वीसपैकी तीन.
ते तीन तरी कशाचे, आठवत नाही.

पहिल्या आठवड्यात मेसच्या रांगेत
मुलं एकमेकांना नाव विचारतात,
मग आडनाव,
आणि आडनाव नीट ऐकू आलं की
पोळी वाढून घेता घेता, सहजच,
"पर्सेंटाइल किती रे तुझं?"
हे मला कुणी सांगितलेलं नाही.
मी त्याच रांगेत जेवतो.

समावेशनाच्या समितीवर मीही आहे.
महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी, चहा आणि पॅटिस.
जिन्यापाशी आमचा फलक आहे,
त्यावर पाच जण हसताहेत, मधोमध दिलवर.
फोटोवाल्याने त्याला हाताला धरून तिथे आणला होता.
रॅम्प मंजूर आहे. निविदा निघायची आहे.

तर त्या मंगळवारी मी लावला
आमच्याच माहितीपत्रकातला आलेख,
गेल्या तुकडीचे पगार, सहा निळे स्तंभ,
आणि म्हणालो, दिसतंच आहे.

"काय दिसतंय, सर?"

जुईली तांडेल. पहिली रांग,
घडीची पांढरी काठी बाकाखाली.
तक्रार नव्हती आवाजात.
नळाला पाणी आलं का, असं विचारावं तसं.

मग सांगू लागलो.
पहिला स्तंभ बुटका, शेवटचा त्याच्या चौपट.
"आकडे?"
पहिला चौदा लाख. शेवटचा वीस.
"मग चौपट कसा?"

मी चष्मा पुसला.
पडद्याजवळ गेलो, इतका
की स्तंभ माझ्याच सदऱ्यावर पडले.
उभा अक्ष सुरू होत होता बारापासून.
शून्य नव्हतंच.
अक्ष कुठून निघतो ते आधी बघा,
हे पहिल्या तासाला मीच शिकवतो.

"म्हणजे बाराच्या खालचे कुठे गेले?"

आमच्या वर्गात पंखे नाहीत, एसी आहे,
त्यामुळे शांतता फारच ऐकू येते.

"चौघे होते, सर."
मागून दुसरी रांग.
"आमच्या मजल्यावरचे. एकाला साडेपाच, दोघांना सहा.
एक अजून घरीच आहे. रविवारी फोन करतो मला."
त्याने हात वर केला नव्हता.

रात्री मी तोच आलेख शून्यापासून काढला.
पहिला स्तंभ शेवटच्याच्या छातीपर्यंत आला.
त्याच्या डावीकडे तीन नवे, गुडघ्याएवढे,
आणि एक जागा, जिथे स्तंभच नाही,
तरी खाली काहीतरी लिहावं लागतं.
प्रवेश विभागाला पाठवला. उत्तर आलं,
"छान आहे सर, पण उठाव नाही.
शिवाय छपाई झालीय."

सहभागाचा रकाना उघडून बसलो.
दिलवरला किती? वीस दिले तर तो मलाच हसेल.
आणि जुईलीला
प्रश्नाचे द्यायचे, की माझ्या उत्तराचे?
पेन्सिलीने लिहिलं. खोडलं.

आता चित्र लावण्याआधी मी ते तोंडाने सांगतो:
अक्ष कोणता, एकक काय, सुरुवात कुठून.
तास लांबतो. दोघं-तिघं घड्याळ बघतात.
कधी विसरतो, जुनी खोड,
बोट आपसूक पडद्याकडे जातं,
आणि बाकाखाली काठी वाजते
दोनदा.
मी अर्ध्या वाक्यातून मागे येतो.