अर्धी मात्रा

ताम्पेरेच्या बंद कापडगिरणीत आता स्टुडिओ आहे.
चौघं आली. तीच चौघं.
एकतीस वर्षं
फक्त वकिलांमार्फत बोललेली.

ड्रमवर बसण्याआधी एन्सिओने
कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलं.
"इथेच आई माग चालवायची," म्हणाला,
"ताल तिचा. मी फक्त उचलला."

राईलीचा आवाज वरच्या पट्टीला पोचेना.
कुणी काही बोललं नाही.
ओस्मोने गिटारच्या तारा
मुकाट एक स्वर खाली उतरवल्या,
घरातली उंच फळी
म्हाताऱ्या माणसासाठी खाली घ्यावी तशा.

आणि तिसऱ्या कडव्याला वेइक्कोचा बास
अर्धी मात्रा उशिरा आला.

ह्याच अर्ध्या मात्रेवरून
तेव्हा खुर्ची भिरकावली गेली होती,
बँड फुटला होता,
एक लग्नही.

मी काचेआड. बोट बटणावर.
ओस्मोने मान वर केली, वेइक्कोकडे पाहिलं,
आणि पुढच्या आवर्तनात
स्वतःच अर्धी मात्रा थांबला.

बटण मी दाबलं नाही.

नंतर कॉफी.
कुणाला साखर किती, कुणी विचारलं नाही,
राईलीने आठवणीनेच घातली.
तिघांना डॉक्टरने केव्हाच बंद केलीय.
तिघंही प्यायली.