पकड

सावद्याच्या दवाखान्यात सिस्टरनं
आबांच्या मुठीत यंत्र दिलं : दाबा जोरात.
काटा अकरा किलोवर अडला.
याच हातांनी लोटू सोपान नेहेत्यांनी
एकतीस वर्षं वॅगनीत केळीचे घड चढवले.

चार मीटर चालायला नऊ सेकंद.
"अंग उतरलं, की विसरणंही लवकर गाठतं,"
डॉक्टर माझ्याकडे बघत, हळू.
आबांचे कान मात्र शाबूत.

"शंभरातून सात वजा करत चला."
त्र्याण्णव. शहाऐंशी. एकोणऐंशी.
बहात्तर.
तिथं थांबले.
"त्या साली खडी फोडली, भो.
हात सुजायचे. सकाळी परत जायचो."

हे चिवटपण की वाट चुकणं?
फॉर्मवर रकाना नव्हता.

उठताना माझा दंड धरला,
सगळे अकरा किलो लावून.
जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर म्हणाले,
"पासष्ट."