दुसरं बटण

दुकानात आता पासपोर्टचे, आधारचे फोटो निघतात.
कोट हवा असेल तर संगणकात सत्तावीस कोट आहेत,
मापाचे, सगळी बटणं जागेवर असलेले.
पण माळ्यावर बिस्किटांच्या डब्यात
बाबला चितारीच्या वेळची पाकिटं आहेत,
कुणी न नेलेल्या फोटोंची.
वर शाईनं नाव, गाव,
आणि 'बाकी आठ आणे'.

बाबला म्हणजे माझ्या आजोबांचा थोरला भाऊ.
वाडीला गंजिफा रंगवायचं सोडून
वेंगुर्ल्याला कॅमेरा घेऊन बसला.
मागचा पडदा त्यानंच रंगवला:
तळं, संगमरवरी पायऱ्या, एक राजहंस,
ज्याला बंदरावरची माणसं शेवटपर्यंत बगळाच म्हणाली.

लढाई आली. बोटी बंद,
रॉकेल चिठ्ठीवर, काचा मिळेनात.
तेव्हा तो पोस्टकार्डाच्या कागदावर छापू लागला.
पुढं माणूस,
मागं पत्त्याच्या चार रेघा, कोऱ्या.

अब्दुलगनी खलफे, बोटीवर आगवाला, डोळ्यांत अजून कोळसा.
पास्कोल फर्नांडिस, क्रॉस शर्टाबाहेर काढलेला.
सुंदर केरकरीण, मांडीवर मूल,
मूल हललं म्हणून त्याला तीन डोकी;
पाकिटावर बाबलाची नोंद: 'पुन्हा बोलावणे'.

आणि पुरुषांच्या अंगात एकच कोट.
दुकानाचा. काळा, बनातीचा, खांद्यात ढिला.
खलफेला तो गुडघ्यापर्यंत येतो,
पास्कोलच्या मनगटावर संपतो.
पाकिटांवर तारखा नाहीत,
मी फोटो लावतो ते कोटावरून:
दुसरं बटण असतानाचे, आणि नसतानाचे.

मधे एकच फोटो.
फोंडू राऊळ, मु. आरवली.
उजवी मूठ छातीवर, घट्ट.

त्याच्याच पाकिटात एक कार्ड आहे,
लष्करी शिक्क्याचं, दोन ओळी काळ्या फासलेल्या,
अक्षर कुणा लेखनिकाचं, बोलणं फोंडूचं:
'बाबलानू, फोटोच्या टायमाक तुमच्या कोटाचा बटान
माझ्या हातात ऱ्हवला. भियान बोललंय नाय.
हय जपान ठेवलंय. येताना घेवन येतलंय,
आठ आणे पण.
फोटो घरात द्या.'

घर तोवर माहेरी गेलं होतं, रेडीला की आणखी पुढं.
बटण आलं नाही.

परवा एक बाई आल्या. पंच्याऐंशीच्या आत-बाहेर.
नातवाच्या मुलाचे फोटो हवे होते, शाळेसाठी, चार प्रती.
नाव विचारलं. माहेरचंही सांगितलं, न विचारता.
मी डबा काढला.

त्यांनी चष्मा पुसला. पुन्हा पुसला.
मग म्हणाल्या, 'कोट होतो?'

म्हणाल्या, आई सांगायची, एक पंचा होता,
तोच नेसायचा, तोच वाळायचा.
कोटाचं कधी बोलली नाही.
बोटानं कॉलर चाचपली, कागदावरची,
जणू इस्त्री बरोबर आहे का बघावी.
'आणि हात बघा कसो धरल्यान, काळजार.
मी पोटात होतंय तेव्हा.'

माझ्या पाठीमागं, दोन हातांवर, कपाटात
तो कोट टांगलेला होता.
माझ्या बोटांखाली ते कार्ड.
बापाचं बोलणं, जन्मात आलेलं एकुलतं एक,
दिलं तर ऐकता येईल,
आणि त्याच क्षणी कोट उतरवावा लागेल.

'किती देव?'
मी म्हटलं, आठ आणे बाकी आहेत.
त्या हसल्या, दहाचं नाणं ठेवलं,
फोटो पदरात गुंडाळून पायऱ्या उतरल्या,
रिक्षाला हात केला.

नाणं गल्ल्यात टाकलं नाही अजून.
कार्ड डब्यात परत ठेवलं,
मग काढलं,
आता ते काउंटरच्या काचेखाली आहे, पालथं,
पत्त्याची बाजू वर.
आरवलीची शेवटची बस साडेसहाला सुटते.